सपाता घालून पुलावर गेलेला कॅप्टन

मित्रांनो, झोफ्का मावशींच्या ओसरीवर भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे. त्या बाकाखाली जो जुना, काळा, लष्करी बूट दिसतो, तो मी. शेजारी आहे तो माझा जोडीदार, उजवा. तो माझ्याहून शहाणा आहे, म्हणून गप्प असतो. बोलायचे काम डाव्यावर आले. मला ते नीट जमेल अशी खात्री नाही. बुटाला जग जमिनीपासून वीतभर उंचीचेच दिसते, त्याच्या वरचे बरेचसे ऐकीव असते. तरी सांगून पाहतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म स्लोव्हेनियातल्या डोंगरांमधल्या एका लहान गावात झाला. त्या गावात बूट करणारा नाही असे घर शोधावे लागे. गाईचे जाड कातडे लाकडी साच्यावर ताणून, आरीने भोके पाडून, मेण चोळलेल्या दोऱ्याने मला शिवले. शेवटचा टाका घालणारी बाई दिवसभर काहीतरी गुणगुणत असे. तिने माझ्या तळावर एक थाप मारली आणि मला खोक्यात टाकले. ती थाप रागाची होती की मायेची, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मायेची असावी असे धरून मी चाललो आहे.

तेव्हा देश एकच होता, युगोस्लाव्हिया. त्यात अनेक लोक, अनेक भाषा, अनेक देव होते. पण सैन्याचे बूट सगळ्यांचे सारखे. आमची खोकी आगगाडीने गेली आणि मी एका तरुण अधिकाऱ्याच्या पायात आलो. त्याचे नाव सिल्वो. तोही आमच्याच डोंगरांतला, वरच्या खोऱ्यातला.

सिल्वोने मला फार चांगले वागवले. पावसात भिजलो तर मला शेगडीजवळ ठेवत नसे. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवत असे. रोज फडक्याने पुसे, आठवड्याला मेण लावी. एकदा संचलनाच्या वेळी एक जनरल माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "यात तोंड बघून दाढी करता येईल." त्या दिवशी मला थोडा गर्व झाला होता. तो पुढे उतरला, म्हणून सांगायला हरकत नाही.

सिल्वोला एक सवय होती. छावणीतली खोली असो की दोन दिवसांचा तंबू, आत शिरताना तो मला दारातच काढून ठेवी. बाकीचे अधिकारी त्याची थट्टा करत. "काय रे सिल्वो, तुमच्या डोंगरात बूट आत आले की आजारी पडतात का?" तो लाजून हसे. आईने लावलेली सवय होती ती. आमच्या डोंगरांत बाहेरचे बूट घालून कुणी कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही. दारात बूट काढायचे आणि घरच्यांनी दिलेल्या सपाता पायात घालायच्या. प्रत्येक घरात पाहुण्यांच्या सपातांची एक टोपली असतेच.

अशी बरीच वर्षे गेली. सिल्वो कॅप्टन झाला. नवी मुले भरती झाली की शपथविधीला त्यांच्या आया दूरदूरच्या गावांहून यायच्या, डबे घेऊन. मग एखादी आई सिल्वोचा हात धरायची आणि तो म्हणायचा, "पाठवीन हो घरी. जसा आलाय तसा पाठवीन." प्रत्येकीला तो हेच सांगे. आणि सांगताना मनापासून सांगे, हे मी पायातून सांगू शकतो.

मग तो उन्हाळा आला. स्लोव्हेनियाच्या लोकांनी वेगळे राष्ट्र व्हायचे ठरवले आणि तसे जाहीर केले. लगेच सैन्याला हुकूम सुटले: रस्ते, पूल, सीमेवरची नाकी ताब्यात घ्या. आता सिल्वो स्लोव्हेन होता आणि सैन्याचा कॅप्टनही होता, दोन्ही एकाच माणसात. त्याच्या मनात काय चालले होते ते मला ठाऊक नाही. एवढेच ठाऊक आहे की त्या दिवसांत तो नुसता उभा असतानाही माझ्या आत बोटे आवळून धरायचा.

दोन चिलखती गाड्यांत दाटीवाटीने बसून आमची तुकडी एका खोऱ्यात आली. सगळी कोवळी पोरे होती. त्यांना सांगितले होते की परकी फौज घुसली आहे. वायरलेस सांभाळणारा मिर्साद बोस्नियातला होता, तोंडाने फटकळ. त्याने गाडीतून डोके बाहेर काढले.

"कॉम्रेड कॅप्टन, परकी फौज कुठल्या बाजूला आहे? मला तर एक बाई गाईला पाणी पाजताना दिसतेय. गाय परकी असेल तर सांगा."

"गप्प बस, मिर्साद."

"मी बसतो हो. पोट बसत नाही. कालपासून नुसती बिस्किटं चाललीत."

पुढे नदी होती. पुलावर गावकऱ्यांनी दगडखाणीचा ट्रक आडवा लावला होता. त्याच्या मागे दुधाचा टँकर, लाल अग्निशामक गाडी आणि शाळेची बस. त्यांच्या आडून शिकारीच्या बंदुका घेतलेली माणसे डोकावत होती.

वायरलेसवर मेजरचा आवाज आला. "वळणावरचं वरचं घर ताब्यात घे. तिथून पूल सरळ दिसतो. खिडकीत मशीनगन लाव. संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा झाला नाही तर गोळ्या घाल."

सिल्वोने "समजलं" म्हटले. माझ्या आत त्याची बोटे इतकी आवळली की माझी शिवण कुरकुरली.

आम्ही घराच्या पायऱ्या चढलो. पुढे सिल्वो, कमरेला पिस्तूल. मागे मिर्साद, एकाने खांद्यावर घेतलेली मशीनगन आणि बाकीची पोरे. दार उघडेच होते. आतली लाकडी जमीन नुकती पुसलेली, अजून ओली होती. दारात निळा एप्रन बांधलेल्या झोफ्का मावशी हातात फडके घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पिस्तुलाकडे पाहिले नाही, मशीनगनकडे पाहिले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. तसे त्या जनरलनेसुद्धा पाहिले नव्हते.

"बूट," त्या म्हणाल्या.

बस्स, एवढेच. आणि आमचा कॅप्टन वाकला आणि माझी नाडी सोडू लागला. मित्रांनो, तो विचार करून वाकला असे मला वाटत नाही. विचार केला असता तर तो वाकलाच नसता. घर काबीज करायला आलेल्या माणसाने असे करणे ही चूकच होती, पण ही चूक आमच्या डोंगरांतल्या माणसाशिवाय कुणाच्या हातून झाली नसती. मी उंबऱ्याबाहेर ठेवला गेलो आणि कॅप्टन मोज्यांवर उभा राहिला. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

मिर्सादने अंगठ्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. "कॉम्रेड कॅप्टन, हे हल्ल्यात धरायचं की जेवणात?"

सिल्वोला तेव्हा कुठे कळले आपण काय केले ते. तो कानांपर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "काढा सगळ्यांनी."

"आणि ते लोखंड बाकावर ठेवा," मावशींनी मशीनगनकडे बोट दाखवले. "आत तेल गळेल."

मग टोपली आली. विणलेल्या लोकरीच्या, दाबलेल्या लोकरीच्या म्हणजे नमद्याच्या, फुलाफुलांच्या, नातीच्या, सुनेच्या सपाता. मिर्सादच्या वाट्याला लाल गोंडे असलेल्या आल्या. मावशी सिल्वोच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"कुठला रे तू?"

"वरच्या खोऱ्यातला, मावशी."

"वाटलंच मला. बूट काढायला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही." त्या आत गेल्या आणि कपाटातून तपकिरी नमद्याच्या सपाता घेऊन आल्या. "ह्या माझ्या नवऱ्याच्या. जाऊन चार वर्षं झाली त्यांना. टोपलीत नसतात ह्या. घाल."

आम्ही सगळे बूट बाहेर रांगेत उभे राहिलो, धुळीने माखलेले. खिडकी उघडी होती. आतून ताटांचा आवाज आला आणि कुट्टूच्या पिठाच्या उकडीचा वास आला.

"तुझं नाव काय रे? मिर्साद? मग हे डुकराचे तुकडे तुझ्या ताटात नकोत. आंबट दूध घे वरून, भरपूर घे."

"मावशी, आमच्या आईला कळलं ना मी इतकं खाल्लं, तर ती तुमच्याशी भांडेल."

"येऊ दे तिला. तिलाही वाढीन."

पोरे हसली. किती दिवसांनी हसली होती कोण जाणे. मला वाटते त्या आवाजानेच माझ्या चामड्याला पुन्हा मऊपणा आला. पण हे मी उगाच म्हणत असेन.

तेवढ्यात मिर्सादने बाकावर ठेवलेला वायरलेस खरखरला. सिल्वो सपाता ओढत बाहेर आला.

"खिडकीत बंदूक लागली का?" मेजरने विचारले.

"नाही."

"का नाही?"

सिल्वो खोटे बोलणारा माणूस नव्हता. "मेजर, बूट घालून घरात जाता येत नाही."

मेजर अगदी हळू आवाजात बोलला. "बूट घाल. बंदूक लाव. मी निघालोय. मी येईपर्यंत पूल मोकळा नसेल तर तुला बेड्या घालून नेईन आणि गोळ्या तुझ्या पोरांकडूनच झाडून घेईन."

सिल्वो बाकावर बसला आणि त्याने मला उचलले. पायात जाणे एवढेच माझे काम, आणि ते मी कधी नाकारले नव्हते. पण त्या वेळी त्याने मला चढवले असते, तर त्या पुसलेल्या जमिनीवर पहिला ठसा माझा उमटला असता, आणि त्यानंतरचे सगळे त्याच ठशावरून चालत गेले असते. मी काहीच करू शकत नव्हतो.

मावशी दारात आल्या. हातात झाकलेले भांडे होते.

"पुलावर कोण आहे, मावशी?" सिल्वोने विचारले.

"माझा लादो. तो आडवा ट्रक त्याचाच. सकाळपासून उपाशी बसलाय गाढव. हे त्याला नेऊन द्यायचं होतं, तर तुम्ही आलात."

सिल्वोने मला खाली ठेवले. अगदी सावकाश, उजव्याच्या शेजारी, टाचा जुळवून. मग पिस्तूल काढून बाकावर ठेवले.

"द्या इकडे. मी नेतो."

त्याने पोरांना अंगणात बोलावले. ती सपातांमध्ये रांग करून उभी राहिली.

"मी पलीकडे जातोय," तो म्हणाला. "परत या सैन्यात येणार नाही. मी तुमच्या आयांना शब्द दिलाय, तुम्हांला घरी पाठवीन म्हणून. तो पलीकडे गेल्याशिवाय पाळता येणार नाही. पण हा हुकूम नाही. ज्याला थांबायचंय त्यानं मेजरसाठी थांबावं."

पोरे एकमेकांच्या सपातांकडे बघू लागली. मग मिर्साद म्हणाला, "कॉम्रेड कॅप्टन, तुम्ही हुकूमच द्या ना. हुकूम असला की आम्हांला बरं असतं. उद्या कुणी विचारलं तर सांगता येतं, कॅप्टनचा हुकूम होता."

सिल्वो हसला. "बरं, हुकूम. मी हात हलवला की सगळ्यांनी खाली यायचं. तोवर भांडी घासायची."

आणि तो निघाला. अंगात गणवेश, हातात भांडे, पायात मेलेल्या माणसाच्या सपाता. ओसरीवरून पूल सरळ दिसत होता, मेजरचे ते म्हणणे खरे होते. त्या माणसाबरोबर मी डोंगर चढलो, चिखल तुडवला, संचलने केली. पण त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चाल तो माझ्याशिवाय चालला. मला वाईट वाटले का? थोडे वाटले. जास्त भीती वाटली.

पुलावर काय झाले ते मी पुढे कितीदा तरी ऐकले आहे. ट्रकआडून लादोने बंदूक रोखली.

"थांब तिथंच. हात वर."

"हात वर केले तर उकड सांडेल. भांडं तुझ्या आईचं आहे."

"आईला काय केलंत?"

"आम्ही काय करणार? तिनं आम्हांला जेवायला घातलं."

बंदूक तशीच. मग लादोची नजर खाली गेली. "पायात काय आहे तुझ्या?"

"सपाता."

"कुणाच्या?"

"तुझ्या वडिलांच्या."

लादोने बंदुकीची नळी खाली केली. "चार वर्षं झाली. मी एकदा घातल्या तर माझ्या हातावर चमचा मारला होता तिनं. तुला दिल्या?"

"मी मागितल्या नव्हत्या."

"मग ये. तिनं दिल्या असतील तर तुझ्यात काहीतरी असणार. पण एक सांगतो, कॅप्टन, आमच्यात आलास तर पहिलं काम म्हणजे हा ट्रक ढकल. दिवसभर रेडिओवर बातम्या ऐकल्या, बॅटरी बसलीय. पोरांना न्यायला बस काढायची तर हा आधी हलायला हवा."

सिल्वोने हात हलवला आणि आमची पोरे उतारावरून धावत सुटली. ज्या ट्रकवर गोळ्या घालायच्या होत्या, तोच ट्रक ती सपाता घालून ढकलू लागली. मिर्सादचे लाल गोंडे धुळीत उडत होते. ट्रक हलल्यावर पुलावरचे आणि वरून आलेले असे सगळेच एकदम ओरडले.

मग गावाने कपडे आणले. कुणाचा लग्नातला कोट, कुणी गायनमंडळाची जाकिटे, कुणी अग्निशामक दलाच्या बँडची विजार. बंदुका आणि दोन्ही चिलखती गाड्या लादोच्या ताब्यात गेल्या. बूट मात्र सिल्वोने नेऊ दिले नाहीत. "बूट सैन्याचे आहेत. आपण चोर नाही." त्याने सगळ्यांना ओसरीवर बसवून आम्हांला पुसून घेतले, आणि पोरे सपाता घालूनच बसमध्ये चढली. मागे बघत, हात हलवत, गायनमंडळाच्या जाकिटांत. इतके विजोड आणि इतके आनंदी सैन्य मी पाहिलेले नाही. बस गेली तसा सिल्वोने गावकऱ्यांबरोबर ट्रक पुन्हा ढकलून आडवा लावला आणि तो पुलावरच थांबला.

ऊन कलता कलता मेजर जीपने आला. ओसरीवर चकचकीत बुटांची रांग, आणि बाकावर मावशी घेवडा निवडत बसलेल्या.

"माणसं कुठं आहेत?"

"घरी गेली."

"कुणाच्या घरी?"

"आपापल्या."

मेजर उभाच राहिला. त्याच्या एका बुटाची नाडी सुटली होती आणि ती दिवसभर चिखलात फरफटली असावी. त्याने पुलाकडे पाहिले. मग ड्रायव्हरला बूट जीपमध्ये भरायला सांगितले. ड्रायव्हरने माझ्याकडे हात नेला तशा मावशी उठल्या.

"हे नाहीत न्यायचे."

"तेही सैन्याचेच आहेत."

"ते माझ्या पाहुण्याचे आहेत. तो परत आला की काय घालून जाईल? तू जेवलास का?"

मेजर आत गेला नाही. जीप आली त्या रस्त्याने परत गेली.

थोड्याच दिवसांत लढाई थांबली. गावात लोक नाचत होते. सिल्वो मात्र रोज, सैन्याचा म्हणून मला न घालता, लादोचे कॅनव्हासचे बूट घालून यायचा, ते माझ्याशेजारी काढायचा आणि स्वयंपाकघरातल्या फोनजवळ बसायचा. त्याने पोरांना मावशींचा नंबर दिला होता. एकेकाचा फोन येऊ लागला. कुणाची आई रडायची, कुणाची हसायची, आणि मावशी सगळ्यांना एकच विचारायच्या, "काय खाल्लं त्यानं?" सगळ्यांचे आले. मिर्सादचा येईना.

गावच्या खाणावळीत एकाने सिल्वोला टोमणा मारला होता, "काल तिकडचा, आज इकडचा. उद्या कुठला?" लादोने तिथल्या तिथे उत्तर दिले, "उद्या माझ्या शेतातला. बटाटे काढायचेत." सगळे हसले. पण सिल्वो त्या दिवशी ओसरीवर खूप वेळ बसला. मला वाटते टोमणा त्याला लागला नव्हता. एका आईला दिलेला शब्द बाकी होता, तो लागत होता.

एका सकाळी मावशी जमीन पुसत असताना फोन वाजला.

"कॉम्रेड कॅप्टन," खिडकीतून मलासुद्धा ऐकू येईल इतका मोठा आवाज होता तो, "पोहोचलो. वाटेत तीनदा उतरवलं, गाडी चुकली, एका ठिकाणी टरबुजं उतरवून दिली तेव्हा तिकीट मिळालं. आई विचारतेय, गोंडेवाल्या सपाता कुठल्या पोरीच्या?"

मग आवाज बदलला. बाईचा होता, अगदी हळू. ती काय म्हणाली ते मला कळले नाही. सिल्वोचे मात्र ऐकू आले. तो नुसता "हो" म्हणाला. मग पुन्हा "हो". आणि तो भिंतीला टेकून खाली बसला, ओल्या जमिनीवर.

"ऊठ," मावशी म्हणाल्या. "विजार भिजेल." पण त्याही तिथेच, त्याच्या शेजारी बसल्या.

त्यानंतर सिल्वोला नव्या देशाच्या सैन्यात नवे बूट मिळाले. "यांना इथंच राहू दे," मावशी म्हणाल्या, आणि मी राहिलो. पुढची वर्षे काही मोठी सांगण्यासारखी नाहीत. कुत्र्याने माझी जीभ चावली. कातडे तडकले, आत बुरशी आली. अनेक हिवाळे कुणी माझ्याकडे पाहिले नाही. माझी तक्रार नाही, पण एकटे वाटायचे. आता सिल्वोचे केस पांढरे झाले आहेत. उन्हाळ्यात येतो, बाकावर बसतो, मला मांडीवर घेऊन तडकलेल्या जागी बोटाने मेण जिरवतो. तेव्हा मी पुन्हा थोडा वेळ नवा होतो.

मित्रांनो, तुमचे बूट, चपला सांभाळा. भिजल्या तर विस्तवाजवळ ठेवू नका. वरचेवर पुसा, तडकायच्या आधी मेण लावा. आम्ही बोलत नाही, पण तुमचे सगळे वजन आम्ही वाहतो. आणि कुणाच्या घरी जाल तेव्हा आम्हांला दाराबाहेर ठेवायला अजिबात संकोच करू नका. आम्हांला राग येत नाही. आतून ताटे मांडल्याचा आवाज येत असला की बाहेर वाट बघण्यासारखे सुख नाही.